दोन टोल, तीन टोल

ता. ३ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

हे पत्र टपालाने नाही, इस्त्रीवालीच्या हातून येतंय. टपालातली पत्रं हल्ली आधी साहेबाची माणसं वाचतात आणि मग तू वाचतेस, आणि माझं अक्षर लागलं नाही की त्या ओळींवर सरळ काळं फासतात. फौजेचे कपडे तुमच्या काठावर धुतले जातात आणि इकडे येतात, त्यामुळे नदी ओलांडायचा परवाना दोन्ही काठांत मिळून फक्त तिच्याकडे आहे. पत्र कॉलरच्या घडीत असेल. जरा कडक वाटलं तर तो खळीचा दोष, माझ्या स्वभावाचा नव्हे.

फौज येऊन चार महिने झाले. मी धक्क्यावरच्या कचेरीत लेखनिक म्हणून लागलोय, हे तुझ्या कानावर आलंच असेल. नाक मुरडू नकोस. झेंडा कुणाचाही असो, कुणीतरी लिहायला लागतंच, आणि मला दुसरं काय येतं? आपल्या काठावरच्या सगळ्या घरांची नोंदवही माझ्याकडे आहे. घरात माणसं किती, मुलगे किती, धंदा काय.

पहिल्याच दिवशी मजा झाली. चष्मेवाल्या साहेबाच्या वहीत एक रकाना आहे, लोक कोणते म्हणून. आपल्या माणसांनी एका सुरात सांगितलं, आम्ही अलीकडचे, ते तिकडचे पलीकडचे. मग त्याने तुमच्या काठावर जाऊन विचारलं, तर तिथेही सगळे म्हणाले, आम्ही अलीकडचे. साहेबाने चष्मा काढला, पुसला, आणि दोन्ही काठांना मिळून एकच शब्द लिहून टाकला: नदीवाले. बाबांना हे कळलं तसं ते भरल्या ताटावरून उठले. मुलूख घेतला तो घेतला, पण आम्हाला त्यांच्या रांगेत बसवलं म्हणून दिवसभर धुसफुसत होते.

बाकी बाबा तसेच. घरात कुणीही आलं की पहिला प्रश्न, कुठल्या काठचा? झडतीला साहेब आला तेव्हा त्यालाही विचारला! मी मध्ये पडून काहीतरी सारवासारव केली. दाजींचं नाव अजून काढत नाहीत. फारच वेळ आली तर नुसतं ‘तो’ म्हणतात. तुझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली ताई, आता मलाच त्या ‘तो’ची सवय झालीय.

धुक्याचे दिवस जवळ आले. बाबांनी घंटेची दोरी तेल लावून ठेवलीय. दाजींनीही तुमच्या घंटेची ठेवली असेलच. दाजींना नमस्कार सांग. इतकी वर्षं दिलास तेवढाच लोभ पुढेही राहू दे, जास्त मागत नाही.

तुझा
धाकटा

---

ता. १२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

चेष्टेचं पत्र तू लिहिलंस, मला काही तसं जमणार नाही. काल सकाळी आमची घंटा उतरवली. सहा शिपाई आले, दोर लावले आणि गाडीवर घालून घेऊन गेले. वितळवून तोफेसाठी वापरणार म्हणे. हे हातात टोपी घेऊन नुसते बघत उभे होते. यांच्या आजोबांपासून ती घंटा या घराकडे आहे.

तुला काय सांगायचं, तू घंटेखालीच वाढलास. तरी सांगते, कारण माझ्या डोक्यात दुसरं काही येतच नाहीये. धुकं पडलं की आपण तीन टोल देतो, इथले दोन. दोन ऐकले की इथला नावाडी सरळ घरी येतो. तीन ऐकले की समजतो, चुकीच्या काठाला लागलो, आणि नाव उलट वळवतो. आता दोन कुठून ऐकू येणार? नुसते तीन ऐकून नाव वळवायची आणि मधल्या खडकांवर जायचं.

आणि नेमकं आत्ताच यांना बिगारीवर लावलंय. यांच्यासकट अकरा नावाडी. वरच्या खाणीतून किल्ल्यासाठी दगड आणायचे, रोज, तीन नावांतून. दुपारनंतर परततात. दुपारीच तर धुकं उतरतं. हे म्हणतात काही होत नाही, नदी ओळखीची आहे. मी म्हटलं, नदी ओळखते, खडकांचं काय? हसले. मला हसू येत नाही रे.

एक गोष्ट मनात सलते आहे. घंटा का नेता म्हणून यांनी विचारलं, तेव्हा तो शिपाई म्हणाला की समोरच्या काठावरच्या तुमच्याच माणसाने सांगितलं, ही घंटा काही कामाची नाही. असं कोण म्हणालं असेल? तू कचेरीत आहेस, तुला कळेल. मला त्या मेल्याचं नाव हवंय.

बाबांना नमस्कार सांग, ते घेणार नाहीत, तरी सांग. स्वतःला जप. माझा लोभ आहेच, तो काय जातोय कुठे.

तुझी
ताई

---

ता. १५ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तीन वेळा कागद फाडला. तो मेला मीच.

झालं असं. तुला पहिलं पत्र धाडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी साहेबाने मला बोलावलं. वरून हुकूम आलाय, धातू हवा आहे, दोनपैकी एक घंटा ठेवता येईल, कुठली ठेवू? ताई, विचार करायला मला क्षणभरही लागला नाही. मी म्हटलं, त्यांची काय घंटा ती, फुटक्या कढईसारखी वाजते, आमची एक पुरे. वर हौसेने समजावूनही दिलं, तीन म्हणजे आम्ही, दोन म्हणजे ते. साहेबाने लिहून घेतलं आणि मला चहा पाजला. मी घरी शीळ घालत आलो.

मी तेव्हा दाजींचा विचार केला नाही, तुझा केला नाही. लहानपणी आपण पाण्यात पाय सोडून बसायचो आणि त्यांची घंटा वाजली की कढई, कढई म्हणून ओरडायचो. तेच तोंडातून निघालं. तूच लग्नानंतर सांगितलं होतंस, की तिकडची पोरं आपल्या घंटेला फुटका हंडा म्हणतात. त्यांच्यातल्या कुणाला साहेबाने विचारलं असतं तर तोही हेच बोलला असता. पण विचारलं मला आणि बोललो मी.

साहेबाकडे जाऊन मी म्हटलं की माझं चुकलं, तीही घंटा लागते. त्याने चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, मागच्या आठवड्यात खोटं बोलत होतास की आज बोलतोयस? घंटा गेली ताई. आता भट्टीत असेल.

काय हवी ती शिक्षा दे. लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही.

तुझा
धाकटा

---

ता. १९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. यांनी पत्राची नीट घडी घातली. मग म्हणाले, आपल्या घंटेचा आवाज तसा कढईसारखाच होता. मला त्यांचा इतका राग आला की मी उठून बाहेर गेले. तुला माफ करायला ते मोकळे आहेत, मी नाही.

शिक्षा हवीय ना तुला? मग ऐक. बाबांपुढे जाऊन उभा राहा आणि तू काय केलंस ते सगळं सांग. मग त्यांना सांग, धुकं पडेल तेव्हा तीनानंतर दोनही वाजवा. आपली एकच घंटा उरलीय, तिने दोघांनाही बोलवायला हवं. आपल्या धक्क्याला लागले तर निदान जिवंत तरी राहतील. इथल्या नावाड्यांना हे मी सांगून ठेवते.

मला माहीत आहे, बाबांनी जन्मात कधी दोन टोल दिले नाहीत. मला हेही माहीत आहे, की परवान्याशिवाय काठ ओलांडला तर खाणीत कायमचं पाठवतात. पण खडकावर फुटण्यापेक्षा ते बरं. काल हलकं धुकं होतं. मी दाराशी उभी राहून बोटं चावत होते.

ताई

---

ता. २८ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी हे वाच: दाजी जिवंत आहेत, धडधाकट आहेत, आणि आत्ता माझ्या शेजारच्या खोलीत बसून बाबांचं मोडकं स्टूल दुरुस्त करतायत. इस्त्रीवालीने तोंडी निरोप दिला असेलच, पण माझ्या अक्षरात वाचलंस की तुझा जीव भांड्यात पडेल. आता बाकीचं सांगतो.

तू सांगितलंस तसं बाबांपुढे उभा राहिलो. सगळं सांगितलं. ते दोरीला तेल लावत होते, लावतच राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाले, ज्या हातांनी चाळीस वर्षं तीन दिले त्यांना दोन देता येत नाहीत, आणि आता जाऊन झोप. त्यानंतर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

परवा दुपारी दोनच्या सुमाराला धुकं उतरलं, असं की कचेरीच्या खिडकीतून धक्का दिसेना. बाबांची घंटा सुरू झाली. तीन. थांबून तीन. मी लिहीत होतो आणि मोजत होतो. अर्धा तास झाला असेल. मग घंटा थांबली. मला वाटलं, दम लागला असेल. आणि मग दोन वाजले. ताई, माझ्या हातातून टाक गळून पडला.

मी धावत धक्क्यावर गेलो तर अर्धा गाव जमलेला. बाबांना वेड लागलं, असं लोक म्हणत होते. जाळीवाली मावशी सगळ्यांत पुढे. तिचा भाऊ नाही का, तीस वर्षांपूर्वी दोन काठांच्या मारामारीत बुडाला. ती ओरडून विचारत होती, कुणाला बोलावतोस, माझ्या भावाला मारणाऱ्यांना? बाबा तिच्याकडे न बघता दोन, दोन, दोन देत होते. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. धुक्याचं होतं म्हणायचं तर म्हण.

मग नावा आल्या. तिन्ही. पहिल्या नावेतून दोर फेकला गेला आणि धक्क्यावर पडला. कुणी उचलेना. नाव परत मागे सरकायला लागली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, थोडाच असेल. मग मावशी वाकली, तिने तो दोर उचलला आणि खुंटाला अशी गाठ मारली की जणू दोराला फाशी देतेय. आणि वर म्हणाली, भिजलात का रे मुडद्यांनो, चला वर.

अकरा माणसं वर आली, रिकाम्या नावा लोकांनी परत धुक्यात ढकलून दिल्या, तेवढ्यात गस्तीचे शिपाई आले, मागून चष्मेवाला. त्याने हुकूम केला, पलीकडचे असतील त्यांनी बाजूला व्हावं, परवाना दाखवावा. कुणी हललं नाही. ओले कपडे तर धुक्यात सगळ्यांचेच होते. साहेबाने मला नोंदवही आणायला लावली आणि एकेकापुढे थांबून विचारायला लागला, हा कोण?

पहिल्याच माणसाला मावशीने दंडाला धरलं आणि म्हणाली, हा माझा भाऊ. साहेबाने माझ्याकडे बघितलं. मी वही उघडली, पान उलटलं आणि म्हणालो, हो, आहे. तिथे काही नव्हतं, ताई. कोरी ओळ होती. पुढच्याला सुताराने चुलतभाऊ म्हटलं, त्याच्या पुढच्याला शिक्षकाने मेहुणा म्हटलं. प्रत्येक वेळी मी पान उलटायचो आणि हो म्हणायचो.

शेवटी दाजी. साहेब त्यांच्यापुढे उभा राहिला. घंटा सोडून बाबा आले, दाजींच्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, हा माझा थोरला मुलगा.

साहेब चष्म्यावरून माझ्याकडे वळला. म्हणाला, तुझ्या बापाला तर एकच मुलगा आहे, तूच लिहिलंयस. मी खरं तेच बोललो. म्हटलं, भांडण झालं होतं साहेब, नऊ वर्षं बाबा याचं नावही घेत नव्हते, म्हणून लिहिलं नाही. साहेबाने ते मान्य केलं! पण तो मूर्ख नाही. त्याने शांतपणे विचारलं, मग दोन टोल कुणासाठी? दोन म्हणजे पलीकडचे, हेही तूच सांगितलंयस. मी वही मिटली. बाबांनीच उत्तर दिलं. म्हातारा झालोय, मोजायला चुकलो, म्हणाले. चाळीस वर्षांत एक टोल न चुकलेला माणूस, आणि आख्ख्या गावादेखत तोंड वर करून हे बोलला.

त्यांना घेऊन गेले. हुकुमाबाहेर घंटा वाजवली म्हणून सहा महिने, दूरच्या तुरुंगात. आपली घंटाही काल उतरवली. मी परवाच्याच संध्याकाळी कचेरीत बसून अकरा नावं वहीत चढवली, जुन्या शाईत पाणी घालून.

दाजींना इतक्यात पाठवता येत नाही. खडकांवर फुटलेल्या रिकाम्या नावा बघून तुमच्या काठच्या हजेरीत ते अकराही जण बुडाले म्हणून लिहिलंय, मी कागद बघितला. परत दिसले तर पळाले असा अर्थ होईल. म्हणून आता ते माझे मोठे भाऊ. जमिनीवर झोपतात, बाबांच्या खाटेला हात लावत नाहीत.

लोभ मागायची माझी अजून लायकी नाही. दाजींनी मात्र मागितलाय, तो त्यांना दे.

तुझा
धाकटा

---

ता. १७ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र इतक्या वेळा उलगडलंय की घडीवर फाटलं. खाणीवरचा मुकादम घरी येऊन सांगून गेला, नवरा बुडाला. मला रडायला हवं होतं. त्याची काही अडचण पडली नाही, आदल्या दिवसाची भीती साठलेलीच होती, धो धो रडले. अकराही घरांतल्या बायका आम्ही अशाच रडतोय, आणि इस्त्रीवालीची वाट बघतोय. तिच्या गाठोड्याकडे आम्ही अकराजणी ज्या नजरेने बघतो ना, ती एखाद्या शिपायाने ओळखली तर सगळं संपलंच.

इथे काय चाललंय ते सांगते. गेल्या आठवड्यात धुकं पडलं आणि कुठेच घंटा नव्हती. मग माझ्या शेजारणीने दारात येऊन पातेल्यावर टोल दिले, दोन. आणि समोरून, तुमच्या काठावरून, धुक्यातून तीन आले. ती परत दोन, तिकडून तीन. थोड्या वेळाने सगळा काठ पातेली घेऊन दारात. दोन आणि तीन जोडून आता पाचच झाले आहेत. लोहार पाच घाव घालून थांबतो, शाळेत मुलं बाकावर पाच टिचक्या मारतात. परवा पाच टोल द्यायला बंदी झाली. बंदी झाली तसं ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं.

आणि गंमत बघ, साहेबाने रकान्यात घातलेला तो शब्द, नदीवाले, तो आता सगळ्यांच्या तोंडी आहे. भिंतींवर कोळशाने लिहिलेला असतो. माझ्या सासूबाई, ज्या माझ्या हातचं पाणी वर्षभर पीत नव्हत्या, त्या काल कुणालातरी ठणकावून सांगत होत्या की आपण सगळे नदीवाले. मी पदराआड हसले.

पण सगळंच मला पटत नाही. फौजेला पाव देतो म्हणून म्हाताऱ्या भटारखानेवाल्याचं दार परवा फोडलं. त्याचा हात मोडला. फोडणारे जाताना पाच टोल देऊन गेले. तो काय हौसेने देतो का पाव? मला बाबांचे ते दोन आठवले. तुझ्याबद्दलही लोक बोलतात, साहेबाचा चमचा म्हणतात. मी तोंड उघडू शकत नाही. तुझ्या वहीत अकरा जीव आहेत, आणि बाहेर तुझी ही अशी किंमत. कचेरीतून एकटा येत जाऊ नकोस रे.

माझा राग गेला का विचारलं नाहीस, ते बरं केलंस. थोडा आहे अजून. पण तुझी काळजी त्याहून मोठी झालीय, त्याला मी तरी काय करू? यांना सांग, उशाला काही घेऊन झोपा, मान दुखते त्यांची. बाबांची खबर आली की लगेच कळव. माझ्या वाट्याचा लोभ दोघांत सारखा वाटून घ्या, भांडू नका.

तुझी
ताई

---

ता. २ जानेवारी

चि. थोरल्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी बरा आहे. इथे पत्रं वाचून मग पाठवतात, म्हणून सरळ लिहितो. मला तसंही वाकडं लिहिता येत नाही.

मागच्या दाराची कडी अडकते. दार आधी वर उचलायचं, मग ढकलायचं. धाकट्याला हे वीस वर्षांत जमलेलं नाही, तुला जमेल. घंटा गेली, पण तिची दोरी खुंटीवर आहे ती कुजू देऊ नकोस, महिन्यातून एकदा तेल लाव. धाकटा लिहितो की तू जमिनीवर झोपतोस. खाट काय माणसाला चावते? माझ्या खाटेवर झोपायचं. हे विचारून लिहीत नाहीये, सांगतोय.

पेटीत तळाशी एक काळा कोट आहे. नऊ वर्षांपूर्वी एका लग्नाला जायचं म्हणून शिवून घेतला होता. गेलो नाही. कोट तसाच आहे. आता तू घाल, खांदे जुळतील. त्या दिवशी हात ठेवला तेव्हा अंदाज आला.

सूनबाईला माझा आशीर्वाद सांग. तिला म्हणावं, मी मोजण्यात एकदाच चुकलो. वागण्यात नऊ वर्षं. मी सुटेन तेव्हा ती घरात असावी.

धाकट्याकडे लक्ष ठेव. तो बोलतो फार, पण पान उलटताना त्याचा हात स्थिर होता, मी बघत होतो.

लोभ आहे. होताच.

तुझा
बाबा

ता. क. शेजारच्या खोलीत एक माणूस आहे. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला येत नाही. फौजेनेच कुठूनतरी आणलाय. सकाळी उठला की भिंतीवर ठोकतो, मग मीही ठोकतो, म्हणजे दोघांनाही कळतं की दुसरा आहे. काल त्याने भिंतीखालच्या फटीतून अर्धा पाव सरकवला. कुठला आहे ते मी विचारलेलं नाही.